नऊ हजार फुटांवरची सहल: बेत कुणाच्या मापाने करायचा?

(मंडळाच्या निधी संकलनाच्या संध्याकाळी कॅम्पिंग गटातर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमचं भाषण जेवणाच्या बरोबर आधी ठेवलं आहे. बटाटेवड्यांचा वास आत्ताच दरवळायला लागलाय, त्यामुळे आपलं निम्मं लक्ष कुठे आहे हे आम्हाला ठाऊक आहे. उरलेलं निम्मं थोडा वेळ आम्हाला द्या, एवढीच विनंती.

आमचा गट दर उन्हाळ्यात बे एरियातून काही कुटुंबांना घेऊन सिएरा नेवाडाच्या पूर्वेकडच्या बाजूला, मॅमथ लेक्स गावाच्या वर लेक मेरी नावाच्या तळ्याकाठी कॅम्पिंगला जातो. बरोबर शाळकरी मुलं असतात, तरुण जोडपी असतात आणि उन्हाळ्यात भारतातून आलेले आई-बाबाही असतात. गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांनी विचारलं, "आम्हालाही जायचंय, बेत कसा करायचा?" तेव्हा सामानाची यादी हातात देण्यापेक्षा त्या यादीमागचा विचार सांगावा असं ठरलं.

आधी उंचीचा हिशोब. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण १,८४० फुटांवर. सिंहगड सुमारे ४,३०० फूट. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते ५,४०० फूट. आणि लेक मेरीचा कॅम्पग्राउंड सुमारे ८,९०० फुटांवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहून आणखी साडेतीन हजार फूट वर बघायचं, तिथे आपला तंबू! तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७२ टक्क्यांच्या आसपास असतो. प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी. गंमत म्हणजे कळसूबाई आपण पायांनी चढतो, शरीराला वेळ मिळतो. इथे आपण ए.सी. गाडीत बसून, गाणी ऐकत, चकल्या खात पाच-सहा तासांत समुद्रसपाटीवरून ९,९४३ फुटांच्या टायोगा पासपर्यंत जातो. गाडीला काही वाटत नाही, म्हणून आपल्यालाही काही वाटणार नाही असं आपण धरून चालतो.

आमच्यात सॉफ्टवेअरवाले बरेच, त्यामुळे बेत एक्सेल शीटमध्येच होतो. पण त्या शीटची पहिली ओळ जागेची नसते, तारखेचीही नसते. पहिली ओळ असते: "आपल्यात सर्वांत जपायला हवं असं कोण?" कुठल्या वर्षी ती सहा महिन्यांची मुलगी असते, कुठल्या वर्षी बायपास झालेले काका. बाकी सगळा बेत त्या माणसाच्या मापाने कापायचा. धडधाकट माणूस कुठल्याही बेतात बसतो, त्याची चिंता नको.

आता तारीख. इतक्या उंचीवरचे कॅम्पग्राउंड साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत उघडे असतात, पण शेवटचा शब्द बर्फाचा. २०२३ च्या हिवाळ्यात सिएरात इतका बर्फ पडला की योसेमिटीतून जाणारा टायोगा रस्ता २२ जुलैला उघडला. म्हणून जूनच्या सुट्ट्या आधी टाकून मग जागा शोधू नये. जुलैअखेर ते ऑगस्ट हे आमच्या अनुभवात बरं. रिझर्वेशन 'रिक्रिएशन डॉट गव्ह' या सरकारी संकेतस्थळावर होतं. चांगल्या जागांचं बुकिंग काही महिने आधीच उघडतं आणि शनिवार-रविवार बघता बघता संपतात. एका जागेवर किती माणसं आणि किती गाड्या चालतात हे बुकिंग करतानाच वाचून घ्यावं. "अजून एक गाडी घुसवू, कोण बघतंय" हा देशी उत्साह इथे कामाचा नाही. आग लागली किंवा ॲम्ब्युलन्स आली, तर रस्ता मोकळा हवा म्हणून ते नियम आहेत.

जागा मिळाली की पुढचा प्रश्न पहिल्या रात्रीचा. शुक्रवारी ऑफिसातून निघून मध्यरात्री थेट तळ्याकाठी पोचायचं, हा बेत आम्ही करत नाही. पहिली रात्र खाली काढतो. टायोगा पास उतरल्यावर मोनो लेकच्या काठी ली व्हायनिंग हे छोटं गाव लागतं, उंची सुमारे ६,८०० फूट. तिथे मोटेलमध्ये राहायचं, मुलांना मोनो लेकचे ते चुनखडीचे सुळके दाखवायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आरामात वर जायचं. एका रात्रीचे पैसे जास्त जातात खरे, पण शरीराला मधली पायरी मिळते.

ही पायरी का हवी? साधारण ८,००० फुटांच्या वर झोपलं की काही लोकांना उंचीचा त्रास होतो. सीडीसीच्या माहितीप्रमाणे कोलोरॅडोत ८,००० फुटांच्या वर मुक्काम करणाऱ्या पाहुण्यांपैकी सुमारे २५ टक्के लोकांना तो होतो. म्हणजे वीस जणांच्या गटात पाच जण! डोकं दुखणं, मळमळ, भूक जाणं, गळून गेल्यासारखं वाटणं, झोप न लागणं ही लक्षणं. ती पोचल्या पोचल्या दिसत नाहीत, काही तासांनी सुरू होतात. म्हणजे नेमकी रात्री, तंबूत. आणि रोज जिमला जाणाऱ्याला तो होत नाही असं अजिबात नाही. व्यायामाचा आणि या त्रासाचा संबंध नाही.

बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं. पण बसल्याजागी धाप लागली, खोकला वाढला, चालताना तोल जायला लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर ते फुफ्फुसात किंवा मेंदूत पाणी साचण्याचं लक्षण असू शकतं आणि त्यात जीव जाऊ शकतो. त्यावरचा पहिला उपाय म्हणजे खाली उतरणं. उजाडायची वाट बघायची नाही. हृदयविकार, दमा, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, किंवा दिवस गेलेले असतील, तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. उंचीच्या त्रासासाठी आधी घ्यायची औषधंही असतात, पण तीही त्यांच्याच सल्ल्याने. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते रात्री स्लीपिंग बॅगमध्ये अंगाजवळ ठेवावं, कारण गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. आणि भारतातून आलेल्या आई-बाबांचा विमा आधीपासूनच्या आजारांना लागू आहे का, हे घरी बसून वाचावं. हॉस्पिटलच्या काउंटरवर ती पुस्तिका उघडायची वेळ येऊ नये.

आता आजच्या भाषणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. हा कुठल्याही इंग्रजी गाइडबुकात सापडला नाही, कारण तो आपल्या घरातला आहे. आपली वडील माणसं दुखणं सांगत नाहीत.

एका वर्षी आमच्याबरोबर साताऱ्याच्या एक आजी होत्या. वय अडुसष्ट, चालायला आमच्यापेक्षा चपळ. पहिल्या संध्याकाळी त्या जेवायला बसल्या नाहीत. "भूक नाही रे, गाडीत फार खाल्लं," म्हणाल्या. आमच्याकडे नियम असा आहे की रात्री निजायच्या आधी प्रत्येकाला, लहान-मोठा न बघता, चार प्रश्न विचारायचे: डोकं दुखतंय का? मळमळतंय का? जेवण गेलं का? दहा पावलं सरळ चालून दाखवता का? विचारणारा घरातला नसतो, दुसऱ्या कुटुंबातला असतो. सुनेला "काही नाही गं" म्हणणाऱ्या आजी परक्या मुलाला खरं सांगतात. आजी हळूच म्हणाल्या, "डोकं ठणकतंय दुपारपासून. पण माझ्यापायी पोरांच्या सहलीचा विचका नको."

बाकी लक्षणं सौम्य होती. रात्रभर एक जण जागा राहिला, दर दोन तासांनी त्यांना हाक मारून बोलतं करत राहिला. सकाळी ठणका तसाच, वर एक उलटी. वाद घालायचं कारणच नव्हतं, कारण खाली कोणती गाडी जाणार आणि कोण चालवणार हे घरी असतानाच ठरलं होतं. गावात डॉक्टरांना दाखवलं आणि त्यांच्या सल्ल्याने आजी, त्यांचा मुलगा आणि चालक सरळ बिशपला गेले. ते गाव तासाभराच्या आत येतं आणि उंची सव्वाचार हजार फुटांहूनही कमी. दुपारी फोन आला, आजींनी दोन वेळा वरण-भात मागून घेतला होता. मुलांची सहल ठरल्याप्रमाणे झाली आणि आजींना एक रात्र मोटेलमध्ये टी.व्ही. बघायला मिळाला, त्याचं त्यांनी परतीच्या वाटेत कौतुकही केलं.

यातलं मर्म एवढंच, की "खाली जायचं" हा निर्णय आजारी माणसाच्या माथी मारायचा नाही. तो बेतातच लिहिलेला असला की कुणाला ओशाळं वाटत नाही. म्हणून आमच्या गटात रोज रात्री एक गाडी "परतीची" असते. तिची टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली, तोंड रस्त्याकडे, किल्ली ठरलेल्या जागी. तिचा चालक त्या रात्री बिअरला हात लावत नाही. या पाळीसाठी कुणी हौसेने हात वर करत नाही, पण ती चुकवतही नाही!

आता स्वयंपाकघर, कारण त्याशिवाय मराठी सहल होत नाही. नऊ हजार फुटांवर पाणी सुमारे ९१ अंश सेल्सिअसलाच उकळतं. उकळतंय म्हणून ते तितकं गरम नसतं. साध्या पातेल्यात डाळ शिजवायला घ्याल तर मुलं झोपून जातील. म्हणून प्रेशर कुकर न्यायचाच. कुकरमधलंही तापमान तिथे चार-पाच अंशांनी कमी राहतं, तेव्हा एक-दोन शिट्ट्या जास्त द्यायच्या. डाळ घरून भिजवून न्यावी. राजमा-छोल्यांचा हट्ट नको. आणि पोह्यांना तोड नाही. भिजले की झाले, उंचीचा त्यांना फरकच पडत नाही. घरच्या पार्ट्यांत वापरतो ती ब्यूटेनच्या डब्याची शेगडी पहाटेच्या थंडीत मलूल होते. प्रोपेनवर चालणारी न्यावी. तंबूच्या आत मात्र कुठलीच शेगडी पेटवायची नाही, कितीही थंडी वाजली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वासावरून आठवलं. अस्वलं. इथली काळी अस्वलं माणसापेक्षा आपल्या डब्याच्या मागे असतात. प्रत्येक जागेवर लोखंडी पेटी असते, तिला बेअर बॉक्स म्हणतात. खाणं तर त्यात ठेवायचंच, पण टूथपेस्ट, साबण, खोबरेल तेल, हिंगाची डबी, मुलांच्या खिशातल्या गोळ्या, सगळं त्यात. गाडीत काही ठेवायचं नाही. लहान मुलाच्या कार सीटमध्ये अडकलेला बिस्किटाचा चुरासुद्धा झाडून काढायचा, कारण अस्वल गाडीचं दार उघडायला किल्ली मागत नाही. आणि नुकसान गाडीचंच होतं असं नाही. माणसाच्या खाण्याला चटावलेलं अस्वल शेवटी मारावं लागतं. आपल्या आळसाची किंमत त्याने का द्यावी?

थंडीबद्दल थोडक्यात. दिवसा टी-शर्टवर फिरावं असं ऊन असतं आणि पहाटे जुलैतसुद्धा पारा गोठणबिंदूच्या जवळ जाऊ शकतो. स्लीपिंग बॅग चांगली हवी, पण तिच्या खालची मॅट त्याहून महत्त्वाची, कारण थंडी जमिनीतून चढते. घरच्या सतरंजीने भागत नाही. अंगावर सुती कपड्यांपेक्षा लोकरी किंवा लवकर वाळणारे कपडे बरे. अतिनील किरणं दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात, तेव्हा गार वारा असला तरी टोपी आणि सनस्क्रीन हवंच. दुपारी वादळ येतं. उंच कड्यावरचं फिरणं सकाळी उरकावं. गडगडाट ऐकू आला की गाडीत बसायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

पाण्याबद्दल: ही तळी बर्फाच्या पाण्याची आहेत. अंगात चमक भरते इतकं गार पाणी, पट्टीच्या पोहणाऱ्याचाही श्वास अडकतो. लेक मेरीचं पाणी तर गावात प्यायलाही जातं. कुठल्या तळ्यात उतरायचं आणि कुठल्या नाही हे तिथल्या पाट्यांवर लिहिलेलं असतं, ते पाळावं. होडीत बसताना लाइफ जॅकेट घालणं हा चर्चेचा विषय नाही.

जवळच हॉर्सशू लेक आहे. तिथे गेलात तर शेकडो वाळलेली झाडं उभी दिसतील. मॅमथ माउंटन हा ज्वालामुखी. १९८९ मध्ये तिथे भूकंपाचे बारीक धक्के महिनोन् महिने बसले आणि पुढच्या वर्षापासून जमिनीतून येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने झाडांची मुळं गुदमरू लागली. सुमारे १०० एकरांवरचं रान वाळलं. हा वायू हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचतो. मोकळ्यावर चालायला भीती नाही, पण तिथे मुलांना खड्डे खणू देऊ नका, खोलगट जागी झोपू देऊ नका. भूगोलाचा असा धडा पुस्तकात मिळत नाही, तेव्हा दाखवा जरूर, पण हात धरून.

आणि शेवटची गोष्ट आगीची. ४ सप्टेंबर २०२० ला सिएराच्या पश्चिम उतारावर क्रीक फायर नावाचा वणवा लागला. लेबर डेच्या सुट्टीसाठी मॅमथ पूल या जलाशयाकाठी आलेल्या लोकांचा एकुलता एक रस्ता आगीने बंद झाला. नॅशनल गार्डच्या हेलिकॉप्टरनी धुरातून, अंधारात दोनशेहून अधिक लोकांना उचलून आणलं. तो वणवा पुढे पावणेचार लाख एकरांहून जास्त पसरला. ३१ ऑगस्ट २०२१ पासून तर कॅलिफोर्नियातली जवळजवळ सगळी राष्ट्रीय वनं काही दिवस लोकांसाठी बंद होती. म्हणून आम्ही दोन नियम घरीच ठरवतो. निघण्याच्या आदल्या दिवशी हवेचा निर्देशांक १५० च्या वर असेल तर जायचं नाही. आणि वर असताना धुराची दिशा बदलली तर तंबू उभा सोडून निघायचं. दोनशे डॉलरचा तंबू परत मिळतो. शेकोटीला त्या दिवशी परवानगी आहे का हे दर वेळी विचारायचं, आणि लाकूड घरून न नेता तिथेच विकत घ्यायचं, कारण लाकडातून कीडही प्रवास करते.

आता आपण म्हणाल, इतकं सगळं केल्यावर सहलीत मजा ती काय राहिली? मजा तिथेच आहे! बेत नीट असला की रात्री निर्धास्त मान वर करून आकाशगंगा बघता येते. आपल्या मुलांनी ती कुठे पाहिली असते? आजोबा नातवाला सप्तर्षी दाखवतात, कुणीतरी थर्मासमधून आल्याचा चहा ओततं (नीट उकळलेला, थोडा जास्त वेळ), आणि नातू पहिल्यांदाच मराठीत सलग तासभर प्रश्न विचारतो. आम्ही जातो ते त्यासाठी.

पण बेत कितीही चांगला असला तरी कधीतरी कुणाचा तरी पाय घसरतो, कुणीतरी वाट चुकतं. तेव्हा कोण येतं? मॅमथ लेक्स ज्या मोनो काउंटीत आहे, तिथलं शोध आणि बचाव पथक स्वयंसेवकांचं आहे. दिवसा आपापली नोकरी करणारी माणसं, फोन वाजला की रात्री दोर खांद्यावर टाकून निघतात. आणि हे ऐकताना आपल्याला आपलेच लोक आठवतात. पावसाळ्यात सह्याद्रीत कुणी दरीत अडकलं की लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारखी पथकं अशीच धावून जातात, तीही पदरमोड करून. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इरसालवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, यंत्रं वर नेता आली नाहीत. भर पावसात चढून गेलेल्यांत सरकारी जवानांबरोबर स्थानिक गिर्यारोहकही होते.

आज या पुस्तिकेतून आणि कार्यक्रमातून जमणारा निधी सह्याद्रीतल्या अशाच छोट्या स्वयंसेवी पथकांना दोर, स्ट्रेचर, हेल्मेट आणि प्रथमोपचाराचं सामान घेण्यासाठी जाणार आहे. आमच्या कॅम्पिंग गटातलं प्रत्येक कुटुंब सहलीच्या खर्चाशिवाय एका रात्रीच्या मोटेलइतकी रक्कम या निधीत घालतं. म्हणजे ली व्हायनिंगची ती मधली पायरी, आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून. आपणही घालावी अशी विनंती आहे. लहान रक्कम असली तरी चालेल. एक चांगला दोर अनेक जणांच्या वर्गणीतूनच विकत घेतला जातो.

पुढच्या सहलीची नावनोंदणी बाहेरच्या टेबलावर सुरू आहे. तिथल्या अर्जावर पहिला रकाना आहे: "आपल्यात सर्वांत जपायला हवं असं कोण?" कृपया तो रिकामा सोडू नका. आणि "कुणी नाही" असं लिहू नका. प्रत्येक घरात कुणीतरी असतंच.

चला, वडे गार होतायत.